क्रीडास्मारक नाणी

क्रीडास्मारक नाणी : ऑलिंपिक, आशियाई किंवा राष्ट्रकुल क्रीडासामने, फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा यांसारख्या क्रीडाप्रसंगांच्या स्मरणार्थ शासनाच्या अधिकाराने पाडण्यात येणारी विशेष नाणी. अशा नाण्याच्या एका बाजूवर सामान्यतः राष्ट्रचिन्ह, राष्ट्राचे नाव व दर्शनी मूल्य असते. दुसऱ्या बाजूवर सामन्यांचे बोधचिन्ह, खेळाडूची आकृती अथवा क्रीडागाराचे चित्र असते. कायद्याच्या दृष्टीने ती इतर नाण्यांसारखीच वैध चलन असली, तरी त्यांपैकी पुष्कळशी बाजारात कधीच फिरत नाहीत. ती दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किंमतीस संग्राहकांना, विशेषतः परदेशी संग्राहकांना विकली जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्थिक ओढग्रस्तीत सापडलेल्या अनेक शासनांनी परकीय चलन मिळविण्याचा एक मार्ग म्हणून या नाण्यांकडे पाहिले. भारताची १९८२ सालची आशियाई क्रीडासामन्यांची नाणी, मुंबई टांकसाळीचा त्यांतील वाटा आणि इतर देशांतील याच प्रकारची नाणी यांची तुलना केल्यास या व्यवहाराच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

स्वरूप व प्रकार : क्रीडास्मारक नाण्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार प्रत्यक्ष चलनात येणाऱ्या नाण्यांचा होय. ही नाणी नेहमीच्या नाण्यांच्याच धातूची व आकारमानाची असतात, त्यांच्यावरील छाप तेवढी वेगळी असते आणि ती बँकांमार्फत दर्शनी मूल्यालाच लोकांच्या हाती पडतात. दुसऱ्या प्रकारात शासकीय टांकसाळीत पाडलेली, परंतु केवळ विक्रीसाठी ठेवलेली चांदीची अथवा सोन्याची नाणी येतात. तिसऱ्या प्रकारातील नाणी एखाद्या परदेशी खाजगी टांकसाळीने किंवा विक्रेत्या संस्थेने शासनाकडून परवाना घेऊन पाडलेली असतात. त्यांवर ज्या देशाचे नाव असते, त्या देशातील नागरिकांना ती बहुधा पाहावयासही मिळत नाहीत.

संग्राहकांसाठीच्या नाण्यांत ‘प्रूफ’ पद्धतीची नाणी श्रेष्ठ मानली जातात. त्यांसाठी कोरी चकती व ठसे अगोदर घासूनपुसून आरशासारखे चकचकीत करण्यात येतात, चकतीवर ठशाचा एकाहून अधिक वेळा दाब दिला जातो आणि नाणे यंत्रातून हाताने अलगद उचलून घेतले जाते. त्यामुळे नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी व त्यावरील उठावाची आकृती दुधी, खरखरीत दिसते. चलनी नाणे यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी बाहेर पडते. प्रूफ नाण्याला त्या मानाने पुष्कळ वेळ व कुशल हात लागतात. त्याच्या किंमतीतील वाढ काही अंशी या श्रमांमुळे, तर काही अंशी मर्यादित संख्येमुळे असते.

नाणे पाडण्यास आलेला खर्च व त्याचे दर्शनी मूल्य यांतील फरक हा शासनाचा लाभ होय. चलनी नाण्याच्या बाबतीत हा लाभ अंतिम नसतो, कारण ते नाणे केव्हातरी शासनाच्या तिजोरीत परत येते व त्याचे मूल्य शासनाला मान्य करावे लागते. संग्राहकाच्या पेटीत गेलेले नाणे मात्र सहसा परत येत नाही. त्यावर मिळालेली रक्कम म्हणजे जणू फेडावे न लागणारे बिनव्याजी कर्जच ठरते. गरजू शासनांना या नाण्यांचे आकर्षण वाटण्याचे मूळ येथे आहे. या कर्जाला तारण असते ते देशाच्या नावाचे. ज्या शासनाने आपले नाव स्वस्तात विकले, त्याच्या पुढील नाण्यांकडे संग्राहकही पाठ फिरवतो आणि चलनावरील विश्वासालाही धक्का बसतो.

पूर्वेतिहास : खेळातील यशाची नोंद नाण्यावर करण्याची प्रथा प्राचीन आहे. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या घोड्याने इ. स. पू. ३५६ मध्ये ऑलिंपियाची शर्यत जिंकली. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर घोडेस्वाराची आणि सोन्याच्या नाण्यांवर दोन घोड्यांच्या रथाची आकृती आढळते. तथापि ती नाणी सैन्याचे पगार व व्यापार यांसाठीच होती, संग्राहकांसाठी नव्हती. आधुनिक ऑलिंपिक सामन्यांचे पहिले नाणे फिनलंडने काढले. हेल्सिंकी येथील १९५२ च्या सामन्यांसाठी काढलेल्या ५०० मार्काच्या या चांदीच्या नाण्यावर १९५१ व १९५२ ही वर्षे आढळतात. त्यानंतर जपानने १९६४ मध्ये १०० व १,००० येनची आणि मेक्सिकोने १९६८ मध्ये २५ पेसोचे चांदीचे नाणे काढले. मेक्सिकोच्या नाण्यावर त्या देशातील प्राचीन चेंडूच्या खेळातील खेळाडूची आकृती होती.

नाण्यांच्या विक्रीतून सामन्यांचा खर्च भागविता येतो, हे म्यूनिक येथील १९७२ च्या सामन्यांनी दाखवून दिले. प. जर्मनीने दहा मार्कांची चांदीची नाणी सुमारे दहा कोटी इतक्या प्रचंड संख्येने पाडली व ती दर्शनी मूल्यालाच लोकांना दिली. त्यांतील चांदीची किंमत दहा मार्कांपेक्षा बरीच कमी असल्याने शासनाला मोठा लाभ झाला व तो सामन्यांच्या खर्चाकडे वळविण्यात आला. पहिल्या नाण्यावरील लेखात सामने ‘जर्मनीत’ होत असल्याचा उल्लेख होता. त्यास पूर्व जर्मनीकडून हरकत घेतली गेल्याने पुढील नाण्यांवर ‘म्यूनिक येथे’ असा बदल करण्यात आला. नाण्यावरील एखादा शब्दही राजनैतिक वादाचा विषय होऊ शकतो, हे यावरून दिसते.

म्यूनिकचे यश पाहून कॅनडाने माँट्रिऑलच्या १९७६ च्या सामन्यांसाठी १९७३ पासून पाच व दहा डॉलरची चांदीची २८ नाणी आणि शंभर डॉलरचे सोन्याचे नाणे काढले. नाण्यांची संख्या इतकी वाढली, की त्यांचे आकर्षण ओसरले. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि माँट्रिऑलच्या क्रीडागारासाठी काढलेल्या कर्जाची फेड थेट २००६ सालापर्यंत चालू राहिली. सोव्हिएट रशियाने मॉस्कोच्या १९८० च्या सामन्यांसाठी चांदी, सोने व प्लॅटिनम यांची नाणी पाश्चात्त्य बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून काढली. परंतु अमेरिकेसह अनेक राष्ट्रांनी त्या सामन्यांवर बहिष्कार घातला. लॉस अँजेल्स येथील १९८४ च्या सामन्यांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी वेगळी रीत अवलंबिली. प्रत्येक चांदीच्या डॉलरमागे दहा डॉलर व सोन्याच्या नाण्यामागे पन्नास डॉलर अधिभार कायद्यानेच ठरविण्यात आला आणि त्यातून जमलेली सात कोटी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम सामन्यांची संयोजन समिती व राष्ट्रीय ऑलिंपिक समिती यांना देण्यात आली. खरेदीदाराला आपण किती जादा रक्कम देत आहोत व ती कोठे जाणार आहे, हे अगोदर ठाऊक असणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

परदेशी संग्राहकांसाठीची नाणी : वर उल्लेखिलेल्या देशांत सामने प्रत्यक्ष भरले होते. ज्यांच्या भूमीवर सामने नव्हते, क्वचित ज्यांचे खेळाडूही सामन्यांत नव्हते, अशा देशांनी काढलेली नाणी हा या इतिहासाचा दुसरा भाग होय. त्याचे ठळक उदाहरण इराणच्या आखाताच्या काठावरील लहान अमिरातींचे आहे व त्याचा भारतीय चलनाशी निकटचा संबंध आहे.

या प्रदेशात दीर्घकाळ भारतीय रुपया हेच चलन होते. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताच्या परकीय गंगाजळीवर ताण पडू लागल्याने भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये या भागासाठी ‘आखाती रुपया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा तेथील उरलेल्या अमिरातींनीही रुपयाचा त्याग केला. अवघ्या तीन-चार वर्षांत त्यांच्यापैकी काहींच्या नावाने ‘रियाल’ मूल्याची नाणी युरोपीय व अमेरिकी संग्राहकांच्या बाजारात दिसू लागली. शारजाच्या १९७० च्या मालिकेत फुटबॉल विश्वचषकाचे झ्यूल रीमे चषक, मोनालिसा, नेपोलियन व सिमॉन बोलिव्हार हे विषय शेजारीशेजारी होते. फुजैराच्या मालिकेत म्यूनिकचे ऑलिंपिक सामने, अपोलो यान व अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना स्थान मिळाले. रास अल्-खैमानेही फुटबॉल स्पर्धेची नाणी काढली. यांतील कोणत्याही विषयाचा त्या भूमीतील मोती काढणाऱ्या वा मासेमारी करणाऱ्या लोकांच्या जीवनाशी संबंध नव्हता. तेथील बाजारात त्या वेळी शेजारच्या राज्यांची चलने चालत होती. डिसेंबर १९७१ मध्ये या अमिरातींचे संघराज्य स्थापन झाले, १९७३ मध्ये दिर्‌हाम हे समाईक चलन आले आणि खनिज तेलाच्या उत्पन्नामुळे अशा नाण्यांची गरजही उरली नाही.

आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी हा देश १९६८ मध्ये स्पेनच्या अंमलातून मुक्त झाला. त्याच्या १९७० च्या पेसेटा मूल्याच्या चांदीच्या मालिकेत झ्यूल रीमे चषक होता, गोयाचे चित्र होते आणि महात्मा गांधींची प्रतिमाही होती. विषयांची निवड निरनिराळ्या देशांतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती, हे उघड आहे. हैतीने १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेसाठी चांदीची नाणी काढली; हैतीचा संघ त्या स्पर्धेस पात्र ठरला असल्याने तेथे विषयाला काही आधार तरी होता. पॅसिफिकमधील पश्चिम सामोआने १९७४ च्या राष्ट्रकुल सामन्यांसाठी, १९७६ च्या माँट्रिऑल सामन्यांसाठी व १९८० च्या मॉस्को सामन्यांसाठी एक टाला मूल्याची नाणी काढली. त्याचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांत प्रथम उतरले, ते मात्र १९८४ मध्ये. म्हणजे देशाचे नाव त्याच्या खेळाडूंच्या कितीतरी आधी नाण्यांवरून ऑलिंपिकला पोहोचले. क्यूबानेही १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषक स्पर्धेसाठी पाच पेसोची चांदीची नाणी काढली.

भारताच्या शेजारी भूतानचे उदाहरण बोधप्रद आहे. डोंगराळ, दळणवळणास दुर्गम व निर्यातयोग्य मालाचा अभाव असलेल्या या देशाने १९६२ पासून बर्ट टॉड या अमेरिकी उद्योजकाच्या साहाय्याने चित्रविचित्र टपाल-तिकिटे काढून परकीय चलन मिळविले. नंतरच्या काळात त्याच्या नावाने ३०० ङुल्ट्रमची क्रीडाविषयक चांदीची नाणीही संग्राहकांच्या बाजारात आली. अशा व्यवहाराचा सरसकट निषेध करणे अन्यायाचे ठरेल. ज्या देशाकडे विकण्याजोगा माल थोडा, त्याला आपल्या सार्वभौमत्वाच्या चिन्हांवर काही उत्पन्न मिळाले, तर त्यातून शाळा व रस्तेही होऊ शकतात. मात्र करारातील मोठा वाटा विक्रेत्याकडे जातो, किती नाणी पाडली याची नीट तपासणी शासनाला करता येत नाही आणि नाणे परत करू पाहणाऱ्यास दर्शनी मूल्य देण्याची व्यवस्था बहुधा नसते. या तीन बाबींमुळे अशा मालिका संग्राहकांत लवकरच अप्रतिष्ठित ठरल्या. त्यांच्यापैकी कित्येकांची किंमत पुढे त्यांतील चांदीइतकीच राहिली.

भारतातील स्मारक नाणी व मुंबई टांकसाळ : मुंबईची सध्याची टांकसाळ कॅप्टन जॉन हॉकिन्स या बाँबे एंजिनिअर्समधील अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८२० च्या दशकात फोर्ट भागात बांधण्यात आली. १८७६ मध्ये ती भारत सरकारकडे आली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, तेथे ब्रिटिश सॉव्हरिन व पंधरा रुपयांची सोन्याची मोहोरही पाडण्यात आली होती. स्वातंत्र्योत्तर काळात संग्राहकांसाठीच्या प्रूफ नाण्यांचे मुंबई हे प्रमुख केंद्र राहिले. मुंबईच्या चलनी नाण्यांवर वर्षाखाली समभुज चौकोनी खूण असते. प्रूफ नाण्यांवर प्रथम ‘बी’ व १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘एम’ हे अक्षर येते [⟶ टांकसाळ].

प्रजासत्ताक भारताचे पहिले स्मारक नाणे जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये निघाले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे व एक रुपया या नाण्यांबरोबर दहा रुपयांचे चांदीचे नाणे काढण्यात आले. त्याचे वजन १५ ग्रॅ. असून त्यात शेकडा ८० चांदी होती. १९६६ चे अवमूल्यन, लागोपाठचे दुष्काळ व अन्नधान्याची आयात यांमुळे परकीय चलनाची चणचण तीव्र असण्याचा तो काळ होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ च्या सुमारास नाण्यांची एक आंतरराष्ट्रीय योजना हाती घेतली. सदस्य राष्ट्रांनी अन्नविषयक संदेश असलेली नाणी काढावीत व ती जगभरच्या संग्राहकांपर्यंत पोहोचावीत, अशी तिची कल्पना होती. भारत १९७० मध्ये तीत सामील झाला. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी ‘अधिक धान्य पिकवा’, कुटुंबनियोजन, ‘विकासासाठी बचत’, आंतरराष्ट्रीय बालक वर्ष यांसारख्या विषयांवर नाणी निघत गेली. या सर्व मालिकांची रचना दुहेरी होती. पाच, दहा किंवा पन्नास पैशांचे नाणे बाजारात जाई व संदेश देशातील माणसापर्यंत पोहोचवी. त्याच छापेचे दहा, वीस, पन्नास अथवा शंभर रुपयांचे मोठे नाणे संग्राहकांसाठी असे.

या मोठ्या नाण्यांतील चांदीचा हिशेब उद्‌बोधक आहे. १९६९ च्या दहा रुपयांत १२ ग्रॅ. शुद्ध चांदी होती, म्हणजे दर रुपयामागे १·२ ग्रॅम. १९७२ च्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन २२·५ ग्रॅ. झाले, परंतु चांदी शेकडा ५० वर आली. १९७३ च्या वीस रुपयांच्या ३० ग्रॅ. वजनाच्या नाण्यात दर रुपयामागे ०·७५ ग्रॅ. चांदी उरली. १९७४ पासून दहा रुपयांचे नाणे तांबे-निकेलचे झाले आणि चांदीचे नाणे पन्नास रुपयांचे झाले. त्याचे वजन सुमारे ३५ ग्रॅ. होते व दर रुपयामागे चांदी सुमारे ०·३५ ग्रॅ. पडे. १९८० मध्ये जवळजवळ त्याच वजनाच्या व त्याच कसाच्या नाण्यावर शंभर रुपये हे मूल्य आले आणि हे प्रमाण ०·१७५ ग्रॅमवर उतरले. या काळात चांदीचा भाव जगभर वाढत जाऊन जानेवारी १९८० मध्ये उच्चांकास पोहोचला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यामुळे ही घट म्हणजे निव्वळ नफेखोरी असे म्हणता येत नाही. तरीही नाणे धातूच्या मोलावर उभे राहण्याऐवजी उत्तरोत्तर शासनाच्या नावावर उभे राहू लागले, एवढे निश्चित.

आशियाई क्रीडासामन्यांची नाणी (१९८२) : पहिले आशियाई क्रीडासामने १९५१ मध्ये दिल्लीत भरले होते. एकतीस वर्षांनी, १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात, नववे सामने पुन्हा दिल्लीत भरले व त्यांत ३३ देशांनी भाग घेतला. त्यांसाठी जवाहरलाल नेहरू क्रीडागार व इतर बांधकामे हाती घेण्यात आली. अगोदरच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पाचशे कोटी एस्‌डीआर (विशेष आहरण-अधिकार) इतके कर्ज मंजूर करून घेतले होते. अशा वेळी सामन्यांवर एवढा खर्च करावा काय, हा प्रश्न देशात विचारला जात होता. स्मारक नाणी या पार्श्वभूमीवर निघाली.

या नाण्यांवर सामन्यांचे बोधचिन्ह होते. दिल्लीच्या जंतरमंतर वेधशाळेतील यंत्राची आकृती व तीवर तळपणारा सूर्य असे त्याचे स्वरूप होते. चलनासाठी पंचवीस पैसे व दोन रुपये आणि संग्राहकांसाठी दहा व शंभर रुपये ही मूल्ये निवडण्यात आली. शंभर रुपयांचे नाणे ४४ मिमी. व्यासाचे व ३५ ग्रॅ. वजनाचे असून चांदी ५०, तांबे ४०, निकेल ५ व जस्त ५ या शेकडा प्रमाणातील मिश्रधातूचे होते. हा मिश्रधातू भारतीय टांकसाळींना दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून परिचित होता. दोन रुपयांच्या नाण्याला विशेष महत्त्व आहे. त्यापूर्वी प्रजासत्ताक भारतात दोन रुपयांचे नाणे नव्हते. १९८२ मध्ये आशियाई सामन्यांचे व राष्ट्रीय एकात्मतेचे अशा दोन छापांनी या मूल्याचा नाण्यांत प्रवेश झाला. पुढे नित्याच्या व्यवहारातील दोन रुपयांच्या नोटेची जागा ज्या नाण्याने घेतली, त्याचा आरंभ असा एका क्रीडाप्रसंगातून झाला.

आशियाई सामन्यांसाठी चलनी नाणी काढण्याचा पायंडा थायलंडने घातला होता. बँकॉक येथील १९६६ व १९७० च्या सामन्यांच्या वेळी त्याने एक बाहटची साधी तांबे-निकेलची नाणी चलनात आणली. भारताने ही रीत व संग्राहकांसाठीच्या चांदीच्या नाण्यांची रीत यांची सांगड घातली. शारजा वा विषुववृत्तीय गिनी यांच्या नाण्यांशी तुलना केल्यास तीन भेद दिसतात : सामने प्रत्यक्ष देशात भरले होते, नाणी शासनाच्या स्वतःच्या टांकसाळीत पडली, त्यामुळे लाभ व हिशेब दोन्ही शासनाकडेच राहिले, आणि ज्या छापेचे नाणे परदेशी संग्राहकाच्या पेटीत गेले, तीच छाप भाजीबाजारातही पोहोचली.

सुट्या नाण्यांची टंचाई : या चित्राला दुसरी बाजू आहे. १९७० व १९८० च्या दशकांत देशात सुट्या नाण्यांची तीव्र टंचाई होती. दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या वा टपाल-तिकिटे देत, बसवाहक व प्रवासी यांच्यात त्यावरून नित्य वाद होत. मुंबई, कलकत्ता व हैदराबाद येथील टांकसाळींची क्षमता अपुरी पडू लागल्याने भारताला १९८५ पासून काही काळ नाणी परदेशांतून पाडून आणावी लागली. एक रुपयाची नाणी ब्रिटनमधील टांकसाळींतून, पन्नास पैशांची दक्षिण कोरियातील सेऊल येथून व पंचवीस पैशांची कॅनडातील ऑटावा येथून आली. म्हणजे संग्राहकांना नाणी विकून परकीय चलन मिळविणाऱ्या देशाला काही वर्षांतच सुट्या नाण्यांसाठी परकीय चलन खर्चावे लागले. पुढे १९८८ मध्ये उत्तर प्रदेशात नोएडा येथे चौथी टांकसाळ सुरू झाल्यावर ही अडचण कमी होत गेली.

स्मारक नाण्यांमुळेच टंचाई उद्‌भवली, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. प्रूफ नाण्यांची संख्या चलनी नाण्यांच्या मानाने नगण्य होती, त्यांची यंत्रेही बहुतांशी वेगळी असतात. टंचाईची खरी कारणे वाढती लोकसंख्या व व्यवहार, धातूच्या वाढत्या किंमतींमुळे नाणी वितळविण्याची प्रवृत्ती आणि जुनी यंत्रसामग्री ही होती. तथापि टांकसाळीचे पहिले कर्तव्य कोणते, हा प्रश्न या अनुभवाने ठळकपणे पुढे आणला. ज्या देशात बाजारकऱ्याला चार आणे मिळेनात, तेथे संग्राहकाच्या पेटीतील देखण्या नाण्याचे कौतुक मर्यादेतच होणार.

नंतरची वाटचाल : दिल्लीत ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात एकोणिसावे राष्ट्रकुल क्रीडासामने भरले, तेव्हाही दुहेरी रचनाच स्वीकारण्यात आली; दोन व पाच रुपयांची नाणी चलनात आली आणि शंभर रुपयांचे चांदीमिश्रित नाणे संग्राहकांसाठी होते. तोवर परिस्थिती बदलली होती. चारही टांकसाळी २००६ पासून भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळ या शासकीय कंपनीकडे गेल्या होत्या व संग्राहक-नाण्यांची विक्री हा तिच्या व्यवसायाचा एक भाग बनला होता. परकीय चलनाची जुनी चणचणही उरली नव्हती. या नाण्यांचे ग्राहक आता मुख्यतः भारतीय संग्राहकच आहेत. १९०६ च्या नाणेविषयक कायद्याची जागा घेणाऱ्या २०११ च्या कायद्याने एक हजार रुपयांपर्यंतची नाणी काढण्यास मुभा दिली. त्यानंतर डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त १२५ रुपये (२०१५), गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीनिमित्त ५५० रुपये (२०१९) अशी नाणी निघाली. त्यांचे दर्शनी मूल्य हे स्मरणवर्षाचे चिन्ह असते. त्या मूल्याने कोणी व्यवहार करावा, अशी अपेक्षा नसते. यांपैकी बऱ्याच नाण्यांना चलनात येणारी जोडनाणी नसल्याने १९७० व १९८० च्या दशकांतील दुहेरी रचना हळूहळू मागे पडत आहे.

मूल्यमापन : क्रीडास्मारक नाणी ही पदक व चलन यांच्या सीमेवरील वस्तू होय. पदकाप्रमाणे ती स्मरण जागवते आणि चलनाप्रमाणे शासनाचे वचन वाहते. ज्या शासनांनी केवळ नफ्यासाठी आपले नाव भाड्याने दिले, त्यांना तात्पुरते उत्पन्न मिळाले. पण त्यांच्या नाण्यांना त्यांच्याच देशात इतिहास लाभला नाही. शारजाच्या फुटबॉल-नाण्यावरून त्या काळातील शारजाचे जीवन कळत नाही, संग्राहकांच्या बाजाराची आवड तेवढी कळते. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाने अशा नाण्यांची नोंद चलनाच्या इतिहासात न करता व्यापाराच्या इतिहासात करणे योग्य ठरेल.

भारताच्या १९८२ च्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे. तीही अडचणीतील शासनाने काढली होती आणि परदेशी संग्राहक तिच्या दृष्टीसमोर होताच. परंतु झिजून गुळगुळीत झालेले दोन रुपयांचे आशियाई सामन्यांचे नाणे जुन्या डब्यात अथवा देवघरातील ताटलीत आजही क्वचित सापडते. संग्राहकाच्या लेखी झिजलेल्या नाण्याला फारशी किंमत नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तीच झीज मोलाची वाटते, कारण ते नाणे लोकांच्या हातून फिरले आणि त्यावरील वचन पाळले गेले, याचा तो पुरावा आहे. स्मारक नाणे काढणाऱ्या कोणत्याही शासनाला लावावयाची कसोटी हीच : ज्यांच्या नावाने ते पाडले, त्यांच्या हाती त्याचा काही अंश तरी पोहोचला की नाही.